जर्मनीत आधी गल्ला, मग झेंडा

घाटमाथ्यावरचा

जर्मन एकीकरण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दोनच चित्रं येतात. एक बिस्मार्कचं: झुपकेदार मिशा, टोकदार शिरस्त्राण, 'रक्त आणि लोखंड'. दुसरं बर्लिनच्या भिंतीवर चढून नाचणाऱ्या पोरांचं. पहिलं शाळेच्या पुस्तकातलं, दुसरं टीव्हीवरचं. या दोन्ही चित्रांत पैसे मोजणारा माणूस कुठेच दिसत नाही, आणि माझं म्हणणं असं की खरं काम त्यानेच केलंय. हे म्हणणं जरा ताणलेलं वाटेल, वाटू दे. वाद घालायलाच धागा काढलाय.

सुरुवात १८३४ पासून. नेपोलियन गेल्यावर व्हिएन्नात जो जर्मन राज्यसंघ बांधला, त्यात ३९ राज्यं होती. प्रशिया आणि ऑस्ट्रियासारखी धेंडंही त्यात होती आणि एका दिवसात पायी ओलांडता येतील अशी संस्थानंही. प्रत्येकाची जकात वेगळी, वजनं-मापं वेगळी, नाणी वेगळी. प्रशियाने १८१८ साली आधी स्वतःच्या हद्दीतली अंतर्गत जकात काढून टाकली, मग एकेका शेजाऱ्याला त्या व्यवस्थेत ओढलं. १ जानेवारी १८३४ ला जकातसंघ, म्हणजे 'त्सोलफराइन', अमलात आला तेव्हा त्यात १८ राज्यं आणि सुमारे २ कोटी ३० लाख माणसं होती. ऑस्ट्रिया बाहेर. हा शेवटचा तपशील फार महत्त्वाचा. पुढे १८४८ मध्ये फ्रँकफर्टच्या पाउल्सकिर्शमध्ये जमलेले प्रतिनिधी 'ऑस्ट्रियासह जर्मनी की ऑस्ट्रियाविना' यावर महिनोन्‌महिने डोकं फोडत बसले. त्यातला अर्धा निर्णय जकातनाक्यांवर १४ वर्षं आधीच होऊन गेला होता. १८४९ मध्ये त्यांनी देऊ केलेला मुकुट प्रशियाच्या राजाने नाकारला आणि संसदेचा बाजार उठला. जकातसंघ मात्र चालूच राहिला.

दुसरा प्रसंग १९४८ चा, आणि हा मला सगळ्यात जास्त आवडतो. युद्ध संपून तीन वर्षं झालेली. राइशमार्क नावाला चलन, व्यवहार सगळा अमेरिकन सिगरेटींत. नव्या नोटा अमेरिकेत छापून, लाकडी पेट्यांत भरून, गुपचूप ब्रेमरहाफन बंदरात उतरवल्या होत्या. रविवार, २० जून १९४८. अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स यांच्या ताब्यातल्या पश्चिमेकडच्या तीन विभागांत रेशनकार्डाच्या केंद्रांवर रांगा लागल्या आणि माणशी ४० डॉइच मार्क हातात पडले. सोमवारी सकाळी दुकानांच्या काचेमागे अचानक भांडी, बूट, सायकलची टायरं! माल इतके दिवस नव्हता असं नाही. कागदाच्या बदल्यात द्यायला कोणी तयार नव्हतं, एवढंच.

पश्चिमेत बाद झालेले जुने राइशमार्क आता सगळे आपल्याच विभागात लोटतील, ही पूर्वेकडच्या सोव्हिएत बाजूची धास्ती. नव्या नोटा छापून तयार नव्हत्या, म्हणून त्यांनी २३ जूनला जुन्याच नोटांवर चिकटपट्ट्या डकवून त्या चलनात आणल्या. लोक त्यांना 'टापेटेनमार्क' म्हणायचे, म्हणजे भिंतीला चिकटवायच्या कागदाचा मार्क. २४ जूनला बर्लिनची नाकेबंदी सुरू झाली ती १२ मे १९४९ पर्यंत. पश्चिमेचा मूलभूत कायदा, म्हणजे तिथली राज्यघटना, २३ मे १९४९ चा, पूर्वेचं प्रजासत्ताक ७ ऑक्टोबर १९४९ चं. म्हणजे दोन जर्मनी कागदावर यायच्या आधी वर्षभर दोन मार्क आलेले होते.

तिसरा प्रसंग १९९०. ३ ऑक्टोबरला झेंडा चढला हे सगळ्यांना माहीत. पण १ जुलैलाच पूर्व जर्मनीने आपलं चलन, मध्यवर्ती बँकेचा अधिकार आणि त्याबरोबर आर्थिक धोरण बॉनच्या, म्हणजे पश्चिम जर्मनीच्या सरकारच्या, हवाली केलं होतं. उरले होते तीन महिने आणि सह्या. त्या वर्षीच्या सुरुवातीला पूर्वेच्या मोर्च्यांत घोषणा होती: डॉइच मार्क आला तर आम्ही थांबू, नाही आला तर आम्हीच त्याच्याकडे जाऊ. आणि लोक खरंच जात होते. जानेवारीत रोज दोन-दोन हजार. पश्चिमेचा चॅन्सेलर कोल याला फेब्रुवारीत चलनसंघाचा प्रस्ताव ठेवावा लागला तो या लोंढ्यामुळे.

तर बोला.

मोरपंखी

मस्त विषय! जकातसंघावर एक गमतीशीर कविता आहे. काडेपेट्या, गाई, चीज, साबण, सूत, बिअर अशी मालाची यादी करून कवी त्या वस्तूंचे आभार मानतो, की बाबांनो, जे राजकारण्यांना जमलं नाही ते तुम्ही केलंत, देश बांधलात. कवी कोण, तर हॉफमान फॉन फालर्सलेबन. ज्याने १८४१ मध्ये जर्मनीचं राष्ट्रगीत लिहिलं तोच. तुमच्या मुद्द्याला याहून चांगला साक्षीदार मिळायचा नाही.

तिरकस_रेघ

लेख वाचनीय, सिद्धांत लंगडा.

१८६६ घ्या. प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांचं युद्ध झालं तेव्हा बव्हेरिया, सॅक्सनी, व्युर्टेम्बर्ग, हानोफर कोणाच्या बाजूने लढले? ऑस्ट्रियाच्या. सगळे जकातसंघाचे सभासद. त्यातले बहुतेक ३२ वर्षं एका गल्ल्यावर बसलेले, आणि वेळ आली तेव्हा त्यांनी प्रशियावरच बंदुका रोखल्या. केनिगग्रेट्झच्या लढाईत निकाल लागला तो तोफांनी आणि प्रशियाचा सेनापती मोल्टके याच्या आगगाड्यांनी.

पुढे १८६८ मध्ये बिस्मार्कने जकातसंघासाठी चक्क संसद निवडली. त्याचा हिशोब तुमचाच होता, की गल्ला एक झालाय, आता मनं जुळतील. दक्षिणेत काय झालं? बव्हेरिया आणि व्युर्टेम्बर्गमध्ये प्रशियाविरोधी लोक निवडून आले. दक्षिण शेवटी आली ती १८७० च्या फ्रान्सशी झालेल्या युद्धामुळे, आणि १८ जानेवारी १८७१ ला साम्राज्याची घोषणा झाली ती व्हर्सायच्या आरसेमहालात, बँकेत नव्हे.

आणि खुद्द मार्क? तो साम्राज्यानंतरचा. नाण्यांचा कायदा १८७३ चा, सगळीकडे एकच मार्क व्हायला १८७६ उजाडलं. तोवर उत्तरेत थालर, दक्षिणेत गुल्डेन. तुमच्या तीनातल्या पहिल्याच उदाहरणात झेंडा आधी आहे.

घाटमाथ्यावरचा

रेघबुवा, तुमची वाटच बघत होतो.

१८६६ चं तुम्ही अर्धंच सांगितलंत. ती राज्यं एकमेकांवर गोळ्या झाडत होती त्याच आठवड्यांत जकातसंघाची वसुली चालू होती. सैन्यं समोरासमोर, आणि कारकून महसुलाचा वाटा नेहमीच्या दराने वाटून घेतायत! युद्ध संपल्यावर दक्षिणेच्या राज्यांना प्रशियाची भीती होती, रागही होता, पण संघातून बाहेर पडायची एकाचीही छाती झाली नाही. बाहेर पडून माल विकायचा कुठे? तोफांनी ऑस्ट्रियाला बाहेर काढलं, कबूल. बाकीचे आत राहिले ते कशामुळे, एवढाच माझा प्रश्न आहे.

नाण्यांबद्दल: मी 'चलन' म्हटलं नाही, 'गल्ला' म्हटलं. १८३४ ला तो जकातीचा होता.

नाना_लाइपझिगकर

इथे राहून बरीच वर्षं झाली, म्हणून थोडं १९९० बद्दल.

आमच्या भागात, प्लागविट्झला, जुनी सूतगिरणी आहे. एके काळी युरोपातल्या सगळ्यात मोठ्या गिरण्यांपैकी एक. आज तिथे चित्रकारांचे स्टुडिओ आणि गॅलऱ्या आहेत, पर्यटक येतात, कॉफी महाग आहे. आमच्या शेजारच्या आजी तिथे कामाला होत्या. त्यांना १ जुलैचं विचारलं की आधी डोळे चमकतात. सकाळी बँकेसमोरची रांग, पासबुकात वेगळ्याच चलनातला आकडा, मग पहिली खरेदी. त्यांनी कॉफीची मशीन घेतली होती, अजून चालते. त्याच्या पुढचं विचारलं की आजी खिडकीबाहेर बघतात आणि विषय मुलांवर नेतात. गिरणीचं सूत वर्षभरात कोणालाच नको झालं.

इथे घराघरात या दोन गोष्टी एकाच श्वासात सांगितल्या जातात. बाहेरून येणाऱ्याला वाटतं, हे लोक नक्की खूश आहेत की नाराज?

हुंडीवाला

(पेशाने बँकवाला, त्यामुळे आकड्यांत शिरतो. कंटाळा आला तर पुढच्या प्रतिसादावर जा.)

१९९० च्या अदलाबदलीचा नियम असा होता. पगार, पेन्शन, भाडी एकास एक. बचत वयाप्रमाणे: १४ वर्षांखालच्या मुलांना २००० मार्कांपर्यंत, मोठ्यांना ४०००, साठीच्या लोकांना ६००० पर्यंत एकास एक. त्यावरची बचत आणि कंपन्यांची कर्जं दोनास एक. सगळं धरून सरासरी साधारण १.८ ला एक.

ऐकायला उदार वाटतं. आता कारखान्याच्या बाजूने बघा. पूर्व जर्मनीचे कारखाने पश्चिमेला माल विकत, तेव्हा एक डॉइच मार्क मिळवायला त्यांना स्वतःचे सुमारे ४.४ मार्क खर्च करावे लागत. हा सरकारचा स्वतःचा अंतर्गत हिशोब होता. एका रात्रीत तुम्ही त्यांना सांगितलंत की आता पगार एकास एक द्या. म्हणजे खर्च चौपटीच्या आसपास गेला आणि मालाचा दर्जा होता तोच. वर सोव्हिएत बाजारपेठ गेली, कारण तिथल्या गिऱ्हाइकाकडे डॉइच मार्क कुठला? पूर्वेचं औद्योगिक उत्पादन वर्षअखेरीपर्यंत जवळपास निम्म्यावर आलं. दूध-अंडीसुद्धा दुकानात पश्चिमेची येऊ लागली. ऑगस्टमध्ये शेतकरी चिडून बर्लिनच्या आलेक्झांडरप्लाट्झवर उतरले.

बुंडेसबँकेने, म्हणजे पश्चिमेच्या मध्यवर्ती बँकेने, दोनास एक सुचवलं होतं. तिचे अध्यक्ष कार्ल ओटो प्योल यांनी पुढे १९९१ मध्ये जाहीरपणे या प्रकाराला अनर्थ म्हटलं आणि त्याच वर्षी पद सोडलं. पण दोनास एक केलं असतं तर पूर्वेचा पगार पश्चिमेच्या एक-षष्ठांशाच्या आसपास राहिला असता. मग लोक थांबले असते का? मोर्च्यातली घोषणा वर दिलीच आहे. अर्थशास्त्राने चूक आणि राजकारणाने अटळ, असा तो निर्णय होता. माझ्या मते कोलच्या जागी कोणीही असता तरी एकास एकच केलं असतं.

मग आलं ट्रॉयहांड. सरकारी ८५०० च्या आसपास कंपन्या आणि ४० लाखांच्या घरात कामगार, सगळं एका संस्थेच्या ताब्यात: विका, सुधारा किंवा बंद करा. पहिले मोठे प्रमुख रोवेडर यांचा १ एप्रिल १९९१ ला ड्युसेलडॉर्फच्या घरी गोळी घालून खून झाला. १९९४ अखेर संस्था बंद झाली तेव्हा नफा सोडाच, २०० अब्ज मार्कांहून जास्त खड्डा होता. थुरिंगियात बिशोफेरोडच्या पोटॅशच्या खाणकामगारांनी १९९३ मध्ये खाण वाचवायला उपोषण केलं. खाण वर्षअखेर बंद झालीच.

सोनचाफा_९

सगळे पैसा पैसा करताय म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

९ ऑक्टोबर १९८९ ला लाइपझिगच्या निकोलाइकिर्शपासून निघालेल्या मोर्च्यात ७० हजारांच्या आसपास माणसं होती. चारच महिन्यांपूर्वी बीजिंगमध्ये निदर्शकांवर गोळ्या झाडल्या गेल्या ते त्यांना माहीत होतं. पोलीस सज्ज होते, इस्पितळांत रक्ताच्या बाटल्या तयार ठेवल्याची कुजबुज होती. ती माणसं डॉइच मार्कासाठी बाहेर पडली नव्हती. मे महिन्यातल्या स्थानिक निवडणुकीत सरकारने ९८.८५ टक्के मतं मिळाल्याचं जाहीर केलं आणि लोकांनी मतमोजणीला स्वतः हजर राहून ते खोटं पकडलं, तिथून ही साखळी सुरू झाली. आकडा खोटा होता याचा संताप होता तो.

भिंत उघडली तीही पैशाने नाही. ९ नोव्हेंबरच्या संध्याकाळी पूर्वेच्या सत्ताधारी पक्षाचा नेता शाबोव्स्की याने पत्रकार परिषदेत हातातला कागद वाचला. प्रवासाचे नवे नियम कधीपासून, असं विचारल्यावर कागद चाळत म्हणाला, माझ्या माहितीप्रमाणे लगेच. बोर्नहोल्मर श्ट्रासेच्या नाक्यावर हाराल्ड येगर हा अधिकारी रात्रभर वरिष्ठांना फोन करत होता. वरून हुकूम आला: जे फार आरडाओरडा करतायत त्यांना सोडा, पण शिक्का फोटोवर मारा, म्हणजे परत येता येणार नाही. त्याने तसंही करून बघितलं. गर्दी वाढतच गेली. शेवटी साडेअकराच्या सुमारास त्याने स्वतःच्या जबाबदारीवर फाटक उघडलं. एक गोळी झाडली गेली नाही. तुमच्या सिद्धांतात या माणसाला कुठे बसवणार?

आणि ज्यांनी जिवावर उदार होऊन हे सुरू केलं त्यांना वेगळंच काही हवं होतं. राजवट आणि विरोधक यांच्या गोलमेज बैठकीने पूर्व जर्मनीसाठी नव्या राज्यघटनेचा मसुदा तयार केला होता. मूलभूत कायद्यात दोन वाटा होत्या: कलम १४६, दोघांनी मिळून नवी घटना करायची, आणि कलम २३, दुसऱ्याने येऊन आधीच्या घटनेत सामील व्हायचं. निवडली २३. २३ ऑगस्ट १९९० ला पूर्वेच्या संसदेने २९४ विरुद्ध ६२ मतांनी तसा ठराव केला.

घाटमाथ्यावरचा

सोनचाफा, प्रतिसाद अतिशय आवडला. येगरला मी सलामच करतो.

पण तुमच्याच माणसांचा पुढचा हिशोब बघा. १८ मार्च १९९० ला पूर्वेत पहिली मोकळी निवडणूक झाली. मतदान ९३ टक्क्यांवर. ज्यांनी रस्त्यावर उतरून राजवट पाडली त्यांच्या बुंडनिस ९० ला मतं किती? २.९ टक्के. कोलच्या आघाडीला ४८. मतदाराने क्रांतिकारकांचे आभार मानले आणि मत गल्ल्याला दिलं. यात मला काही लाजिरवाणं वाटत नाही. चाळीस वर्षं टीव्हीवर पलीकडच्या जाहिराती बघितलेल्या माणसाने नव्या घटनेच्या मसुद्यासाठी अजून दोन वर्षं थांबावं, ही अपेक्षा कोणी करायची? आपण, इथे बसून?

कलम २३ चा पायंडाही आधीचाच. झारलँड १ जानेवारी १९५७ ला याच वाटेने आला होता.

पाणवठा

१९२३ चा उल्लेख कसा नाही कोणाच्या प्रतिसादात? पैशाने देश जोडला जातो असं म्हणताय, तर पैसा मेल्यावर देश कसा उसवतो त्याचा तो नमुना आहे. जानेवारीत फ्रेंचांनी रूर हा कोळसा-पोलादाचा भाग ताब्यात घेतला, सरकारने संपावरच्या कामगारांना पगार द्यायला नोटा छापल्या, आणि नोव्हेंबरात एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क. गावं आणि कारखाने स्वतःच्या नोटा काढत होते. ऑक्टोबरात आखेनमध्ये 'राइनिश प्रजासत्ताक' जाहीर झालं, सॅक्सनी-थुरिंगियात कम्युनिस्ट सरकारात होते, आणि ८-९ नोव्हेंबरला म्युनिकमध्ये हिटलरचा उठाव. त्या रात्री त्याच्या लोकांनी एका छापखान्यातून नोटांचे गठ्ठे उचलून नेले, माणसांना पैसे वाटायला! उठावही रोखीशिवाय होत नव्हता. राइनलँडसाठी वेगळं चलन काढायची योजना चर्चेत होती. १५ नोव्हेंबरला रेंटेनमार्क आला, टिकला, आणि फुटीर मंडळींच्या पायाखालची जमीन सरकली.

तिरकस_रेघ

पाणवठा, हे उदाहरण खरंच जोरकस आहे. धागाकर्त्याने मूळ लेखात घ्यायला हवं होतं.

टपरीवरचा_चहा

आजचं बोला की. फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत एएफडी या कडव्या उजव्या पक्षाला देशभर २०.८ टक्के, आणि बर्लिन सोडून पूर्वेच्या सगळ्या राज्यांत पहिला नंबर. ३५ वर्षांनी जुनी सीमा मतांच्या नकाशावर जशीच्या तशी! मग गल्ला एक करून उपयोग काय झाला?

नाना_लाइपझिगकर

सगळं ट्रॉयहांडच्या खात्यावर टाकू नका. तेव्हा जन्मलाही नव्हता असा तरुणही इथे एएफडीला मत देतो, आणि पश्चिमेत गेल्झेनकिर्शेनसारख्या कोळशाच्या गावातही त्यांची मतं वाढलीत. तरी एक गोष्ट आहे. पूर्वेचं पेन्शन पश्चिमेच्या बरोबरीला आलं ते जुलै २०२३ मध्ये. १९९० पासून ३३ वर्षं. शिवाय इथल्या विद्यापीठांत, कोर्टांत, कंपन्यांत वरच्या खुर्चीवर अजून बहुतेक पश्चिमेचेच लोक. जेवणाच्या टेबलावर यावर बोलणं निघालं की आवाज चढतात.

हुंडीवाला

अवांतर, पण राहवत नाही. पूर्वेच्या जुन्या नोटांचं काय झालं माहितीये का? हाल्बरश्टाटजवळच्या एका भुयारात सुमारे ३००० टन नोटा भरून, वाळू-खडी टाकून तोंड बंद केलं. वाटलं, कुजून जातील. त्या कुजल्या नाहीत. काही वर्षांनी संग्राहकांच्या बाजारात २०० आणि ५०० च्या कोऱ्या नोटा दिसायला लागल्या. या नोटा छापल्या होत्या, पण चलनात कधी आल्याच नव्हत्या. म्हणजे भुयारात चोर शिरले होते! शेवटी २००२ मध्ये सगळं उकरून काढून भट्टीत जाळलं.

मोरपंखी

हे भन्नाट आहे 😄 ज्या चलनाला जिवंतपणी कोणी विचारलं नाही ते मेल्यावर चोरीला गेलं.

तिरकस_रेघ

जाता जाता अजून एक खुंटी ठोकतो. हॅम्बुर्ग. साम्राज्यात १८७१ पासून, जकातीच्या हद्दीत मात्र १८८८ पासून. १७ वर्षं झेंडा जर्मनीचा आणि माल जकातीशिवाय उतरतोय. इथे काय म्हणाल?

घाटमाथ्यावरचा

त्या १७ वर्षांत बिस्मार्कला चैन नव्हतं, हेच म्हणेन. १८८१ मध्ये दाबून करार करून घेतला, नव्या मुक्त बंदरासाठी साम्राज्याच्या तिजोरीतून ४ कोटी मार्क दिले, आणि त्यासाठी केरवीडर-वांडराम भागातली घरं पाडून वीसेक हजार माणसं हलवली. झेंडा पुरत असता तर एवढा खटाटोप कशाला केला असता?

तिरकस_रेघ

म्हणजे तुमचा सिद्धांत कुठल्याच पुराव्याने पडत नाही. छान सोय आहे.

नाना_लाइपझिगकर

भांडत राहा, पण त्या पाडलेल्या वस्तीच्या जागी उभ्या राहिलेल्या लाल विटांच्या वखारी आजही आहेत, श्पायखरश्टाट म्हणतात त्यांना. तिथल्या जुन्या जकात कचेरीत जकातीचं संग्रहालय आहे. तस्करीचा माल कशाकशात लपवायचे ते मांडून ठेवलंय. कोणी हॅम्बुर्गला येणार असाल तर सोमवार टाळा, बंद असतं.